मला गाडी लागते

आप्पा,

तुम्ही हे वाचणार नाही हे मला कळतं. मला वेड लागलेलं नाही. तुम्हाला जाऊन आता एवढी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर आधी गाडीच्या इंजिनाचा आवाज आठवावा लागतो, मग त्याच्यामागून तुमचा येतो. पण गेले काही दिवस मी रोज तुम्हाला काहीतरी सांगत असते. पोळ्या लाटताना तोंडातल्या तोंडात पुटपुटते. तुमचे जावई विचारतात, "कुणाशी बोलतेस?" म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकू, म्हणजे डोक्यातून जाईल. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. तुम्ही तरी काय वाचायचात, गाडीवरचे बोर्ड. तर सांगायचं ते असं, की परवा आम्ही फिरायला निघतोय. समुद्राच्या कडेकडेने, चांगले आठ-दहा दिवस, गाडीने. हो, मी. गाडीने. हसू नका.

ड्रायव्हरच्या मुलीला गाडी लागते याची आपल्या डेपोत सगळ्यांना केवढी गंमत. तुमच्या गाडीवरचे कंडक्टरकाका मला बघितलं की तिकिटांची पेटी उचलून मांडीवर घ्यायचे आणि ओरडायचे, "आली गो बाय. खिडक्या उघडा सगळ्यांनी." गाव सुटून पहिलं वळण आलं की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, दुसऱ्या वळणाला कान गरम व्हायचे, आणि खाडीकडचा उतार आला की संपलंच. एकदा मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि नेमके खालून सायकलवरून पांढऱ्या शर्टातले एक मास्तर चाललेले. मला ते अजून दिसतात. सायकल पायांत धरून उभे, दोन्ही हात अंगापासून लांब केलेले, जसा काही शर्ट त्यांचा नव्हेच. तुम्ही गाडी थांबवता. खाली उतरता, इंजिनासाठी ठेवलेला पाण्याचा डबा घेता आणि भर रस्त्यात त्या मास्तरांचा शर्ट त्यांच्या अंगावरच धुता. गाडीतले लोक ओरडताहेत, "ड्रायव्हरसाहेब, खाडीवरची होडी चुकेल." तुम्ही मागे वळूनसुद्धा बघत नाही. "दुसरी होडी येईल," म्हणता, "मास्तरांना दुसरा शर्ट इथे कोण देणार?" मग वर येऊन माझ्यासमोर उभे राहता. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तर तुम्ही म्हणालात, "आपल्या पोटाकडे बघत बसतेस म्हणून होतं हे. पुढे ये. रस्ता बघ."

तेव्हापासून माझी जागा तुमच्या शेजारी, बॉनेटवर. खाली घडी घातलेलं गोणपाट, कारण इंजिन तापून चटके बसायचे. आणि तुमच्या खाकी शर्टाच्या खिशात माझ्यासाठी एक लिंबू. वळण जवळ आलं की तुम्ही एका हाताने लिंबू काढायचात, नखाने त्याला ओरखडा काढायचात आणि माझ्याकडे न बघता बरोबर नाकाशी धरायचात. दुसरा हात स्टिअरिंगवर. पुढची काच केवढी मोठी. रस्ता दिसायचा, वळण यायच्या आधीच दिसायचं, वळणाच्या पलीकडे चमकणारं पाणी दिसायचं, आणि पोटाला आधीच बातमी पोचायची. मग काही व्हायचं नाही. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कशी लागत नाही गाडी?" तुम्ही म्हणालात, "चालवणाऱ्याला लागत नाही." मी म्हटलं, "मग मला शिकवा चालवायला." तुम्ही एवढे हसलात की गिअर करकरला. "मुली कुठे गाडी चालवतात?" हे तुमचं उत्तर. बाकी तुमचं सगळं मी विसरले तरी हे विसरले नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा थोडा राग अजून आहे. असो, पुढे.

तुमची गाडी कायम लेट. याचा तर मला जास्त राग. रस्त्यात कुणी नुसतं डोकं खाजवायला हात वर केला तरी तुम्ही थांबायचात. माशांची पाटी घेतलेली बाई दूर बांधावरून येताना दिसली, की गाडी उभी. ती येणार, पाटी टपावर चढणार, ती आधी नवऱ्याला चार शिव्या घालणार, मग आत बसणार. मागून कुणी हॉर्न वाजवला की तुम्ही उजवा हात खिडकीतून बाहेर काढून असा सावकाश हलवायचात, जा बाबा, तुला घाई आहे ना, जा पुढे. मी बॉनेटवर बसून पाय आपटायची. "चला ना आप्पा, चला ना." तुम्ही म्हणायचात, "तुला कुठे पोचायचंय एवढं?" मला कुठेच पोचायचं नसायचं. शेवटच्या गावाला जाऊन त्याच गाडीने परत यायचं असायचं. पण घाई मात्र पहिल्यापासून. ती अजून गेली नाही. भात शिजेपर्यंत मी तीनदा झाकण काढते आणि मग भाताला शिव्या घालते.

लग्न करून मी कॅनडाला निघाले तेव्हा विमानतळावर तुम्ही खिशातून लिंबू काढून माझ्या हातात ठेवलंत. रजेवर होतात, अंगात खाकी नव्हती, इस्त्रीचा शर्ट होता, पण खिशात लिंबू होतंच.  "विमानाचं माहीत नाही बुवा," एवढंच म्हणालात. विमान लागलं नाही आप्पा. कॅनडाला उतरल्यावर तिथल्या साहेबाने विचारलं, फळं-भाज्या काही आहेत का. मी सरळ लिंबू काढून दाखवलं. तो म्हणाला, हे नेता येणार नाही. मी मराठीत म्हणाले, "मला गाडी लागते." तो परत तेच म्हणाला, मीही परत तेच म्हणाले, जरा मोठ्याने. मागे रांग. शेवटी त्याने लिंबू घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पुढे सस्काटूनला तुमचे जावई मला न्यायला त्यांच्या साहेबाची गाडी घेऊन आले होते. बाहेर बर्फ, आत हीटर, काचा बंद, आणि ती मऊ मऊ गाडी. काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंत. साहेबाची गाडी, आप्पा. नवऱ्याबरोबरचा माझा कॅनडातला पहिला दिवस म्हणजे आम्ही दोघं गुडघ्यावर बसून त्या गाडीची गादी पुसतोय. एकमेकांशी धड बोललेलोही नव्हतो तोवर. त्यांनी फडकं पिळता पिळता विचारलं, "नेहमीच लागते का गाडी?" मी म्हटलं, "लिंबू असलं तर नाही." तेवढ्यावरून हा माणूस आजतागायत घरातलं लिंबू संपू देत नाही. तुम्ही जावई बरा निवडलात, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. वेल्डिंग करतात, बोलतात कमी, हसतात आवाज न करता. चालेल.

पण त्या दिवशी मी कानाला खडा लावला. लांबचा प्रवास गाडीने म्हणून करायचा नाही. तुमची नात झाली, मोठी झाली, शाळेत जायला लागली. सुट्टी लागली की तिच्या वर्गातली मुलं आईबापांबरोबर डोंगरात जायची, तळ्यावर तंबू ठोकून राहायची. ती घरी येऊन विचारायची, आपण बॅन्फला कधी जायचं. मी म्हणायची, "मला गाडी लागते." तळ्यावर जाऊ या? "मला गाडी लागते." पोर तशीच आत निघून जायची. मला वाटायचं, समजूतदार आहे. पुढे आम्ही मिल्टनला आलो. इथे पुण्या-नागपूरची कॉम्प्युटरवाली मुलं ढिगाने, सगळी लोकल गाडीने टोरोंटोला जाणारी आणि संध्याकाळी पोळीभाजीसाठी जीव टाकणारी. मी बेसमेंटमध्ये डब्यांचं काम सुरू केलं. डबे पोचवायला माणूस मिळेना, मिळाला तर तो वेळेवर येईना, म्हणून मी चिडून लायसन काढलं. हो, काढलं. मुली चालवतात आप्पा. बायकासुद्धा चालवतात. गावातल्या गावात, या गल्लीतून त्या गल्लीत, मागच्या सीटवर आमटीचे डबे. पण हायवे आला की जावईच चालवणार आणि मी घरी राहणार, हे ठरलेलंच. लेक शिकायला मॉन्ट्रियलला गेली, तिकडेच विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली, तडातडा फ्रेंच बोलायला लागली. तिला भेटायला मी जायची ती रेल्वेने. रेल्वे लागत नाही.

तर या वसंतात तिचा फोन आला. मी पोळ्या करत होते, फोन ओट्यावर उभा करून ठेवलेला. जावई टेबलाशी चहा पीत होते. ती म्हणाली, "आई, या समरला आपण तिघं गास्पेला जाऊ. समुद्राच्या बाजूबाजूने रोड आहे, फुल कोस्ट. एकदम स्लो. थांबत थांबत."

"मला गाडी लागते," मी म्हणाले. सवयच ती.

"आय नो. गाडी बुक केलीय मी. मोठी."

मला वाटलं चेष्टा करतेय. "अगं, मला गाडी लागते म्हणतेय मी."

"हो ना आई, म्हणूनच तर. लहानपणापासून तू तेच म्हणायचीस. मी बॅन्फ म्हटलं की गाडी लागते. लेकवर जाऊ म्हटलं की गाडी लागते. आणि आपल्याकडे गाडी कुठे होती? बाबांचा ट्रक होता, त्यात सगळा वेल्डिंगचा पसारा. मी तेव्हाच ठरवलेलं, आय वॉज लाइक, सात वर्षांची. मोठी झाले की आईला जी गाडी लागते ना, ती आणायची आणि तिला घेऊन जायचं. आता माझं जरा बस्तान बसलंय. सो, नाही म्हणू नको."

तव्यावरची पोळी काळी झाली. जावई पहिल्या वाक्याला तोंडावर हात धरून आतल्या आत हसत होते, शेवटचं वाक्य आलं तसे थांबले आणि कपात बघायला लागले.

तिला चूक तरी कशी म्हणायची, सांगा. मीठ लागतं, पैसे लागतात, वेळ लागतो, मग गाडी लागते म्हणजे गाडी पाहिजे, असंच कुणालाही वाटणार. ज्याला गाडी लागते त्याला गाडी नको असते, हे तिला कुणी शिकवायचं? मीच शिकवायचं. मी शिकवलं नाही, मी नुसतं म्हणत राहिले. आणि तिकडे आतल्या खोलीत ते पोर आपल्या गरीब आईला गाडी आणून द्यायची स्वप्नं बघत बसलं. मी फटकळ आहे हे अख्ख्या मिल्टनला माहीत आहे. डब्यातली भाजी परत आली तर मी दारात जाऊन विचारते, काय वाईट होतं तिच्यात. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते एवढंच, "बरं. कधी निघायचं?"  ती म्हणाली, "मला वाटलेलं तू नाहीच म्हणशील."

आता माझ्यापुढचा पेच बघा. जायचं तर आहे. आणि त्या गाडीत, तिने एवढ्या हौसेने आणलेल्या गाडीत, मला लागता कामा नये. एकदा जरी गाडी बाजूला घेऊन मी गवतात वाकले, तरी ती विचारणार, काय झालं, आणि मग तिला सगळं कळणार. इतकी वर्षं जपून ठेवलेली तिची भेट म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जिच्यापासून आई पळत होती. ते तिला कळू द्यायचं नव्हतं. बस्स.

मग सुरू झालं ठरवणं. रोज संध्याकाळी फोन, तिच्या मांडीवर कॉम्प्युटर, माझ्यासमोर कणीक. तो रस्ता मॉन्ट्रियलहून नदीच्या काठाने निघतो. नदी रुंद होत होत जाते, पलीकडचा काठ दिसेनासा होतो, मग एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये रस्ता, असं ते टोकापर्यंत. टोकाला पेर्से म्हणून गाव आहे, तिथे समुद्रात भोक पडलेला एक भलामोठा खडक. मी म्हटलं, "एका दिवसात होईल की हे. पहाटे निघायचं, खडक बघायचा, परत." ती म्हणाली, "आई, ही डबा डिलिव्हरी नाहीये." एक अट घातली तिने. घाई करायची नाही. 'चला' हा शब्द गाडीत बोलायचा नाही. तिच्या यादीत दीपस्तंभच दीपस्तंभ. मी म्हटलं, "एक बघितला की कळतो. वर दिवा असतो." तिने त्यातले निम्मे कापले, मी एकाला हो म्हटलं, शेवटी दोघींनी भांडून तीन ठेवले. देवमासे बघायला बोटीतून जायचं होतं, ते मी साफ उडवलं. तेवढी हिंमत मला कुठून आणू. एक फोटो मात्र तिने दाखवला आणि माझे हात कणकेत तसेच राहिले. समुद्राकाठी लाकडी माच बांधलेले, त्यावर मासे उलगडून वाळत घातलेले, आणि मध्ये डोक्याला फडकं बांधलेल्या बायका. जुना फोटो, तिकडचाच. कॉड मासा, ती म्हणाली. मी म्हटलं, "हे आपलं बंदर आहे." ती म्हणाली, "नाही आई, क्यूबेक आहे." मी म्हटलं, "तुला कळत नाही. हे ठेव. इथे थांबायचं." माझ्या तोंडून थांबायचं हा शब्द आला म्हणून बापलेक दोघं माझ्याकडे बघत राहिले.

पण पोटाचं काय? मिल्टनच्या मागे डोंगराची एक कड आहे. इथले लोक तिला घाट म्हणत नाहीत, पण त्या रस्त्याला एक वळण आहे ते अस्सल घाटातलं, गाडी आपल्याच शेपटीकडे बघते असं. एका रविवारी मी जावयांना म्हटलं, "चला, मला त्या घाटात घेऊन चला. बघू या लागते का." ते चालवायला, मी शेजारी, पर्समध्ये लिंबू. अर्ध्यावरच तोंडाला पाणी सुटलं. वळणावर कान गरम. मी त्यांच्या दंडाला धरलं, त्यांनी गाडी बाजूला घेतली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. एवढी मोठी बाई, डोळ्यांत पाणी. जावई पाण्याची बाटली घेऊन उभे.

"तिला सांगून टाकू का मी?" त्यांनी विचारलं. "रागावणार नाही ती. आपण रेल्वेने जाऊ."

"सांगितलंत तर याद राखा."

"मग करायचं काय? डोळे मिटून बसणार का दहा दिवस?"

मी तोंड धुतलं. खाली मिल्टनची घरं दिसत होती, एकासारखी एक, ज्यांच्या गल्ल्यांतून मी रोज डबे घेऊन फिरते. आणि तेव्हा मला तुम्ही आठवलात. लिंबू नाही, तुम्ही. इतकी वर्षं आमटीच्या डब्यांबरोबर वळणं घेतेय, कधी एकदा तरी मळमळलं? नाही. कधी डोक्यातच आलं नाही ते. मला वाटायचं, गावातलं चालवणं म्हणजे काय चालवणं, ते तर काम.

"उतरा," मी म्हटलं.

"काय?"

"उतरा खाली. इकडे बसा. मी चालवते."

ते उतरले. मी सीट पुढे ओढली, आरसा माझ्याकडे वळवला आणि निघाले. पोटाकडे बघितलं नाही, रस्ता बघितला. वळण आलं, यायच्या आधीच दिसलं. हात फिरला, गाडी फिरली, आणि पोट जागच्या जागी, जसं काही ते माझं नव्हेच. वर गेले, गाडी वळवली, खाली आले. परत वर. परत खाली. तिसऱ्या खेपेला जावई वरचं हँडल घट्ट धरून म्हणाले, "आता मला लागेल हं." मी हसले तर स्टिअरिंग हललं, ते ओरडले. मागून एकाने हॉर्न वाजवला. मी सावकाश जात होते, त्याला घाई असणार. मी काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला, जा बाबा. तो गेला. जावई माझ्या त्या हाताकडे बघत होते. आमच्या लग्नाचं वऱ्हाड तुमच्याच गाडीतून आलं होतं ना, त्यांच्याही लक्षात असणार. "सासरेबुवा," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "गप्प बसा, मला रस्ता बघू द्या."

त्या संध्याकाळी मी लेकीला फोन केला. "त्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून माझंही नाव घाल."

"आई, यू? हायवेवर?"

"हायवेवर तू चालव, तुझे बाबा चालवू देत. मी मागे लेटून झोपेन. समुद्र सुरू झाला की गाडी माझी. शेवटपर्यंत माझी."

"पण का?"

"मला गाडी लागते म्हणून."

 मग हळूहळू तिच्या तोंडावर असं काही पसरलं की काय सांगू. "ओऽऽ," ती म्हणाली. "म्हणजे चालवायला. तुला चालवायला गाडी लागते. आई, ऑल धिस टाइम, तुला ड्राइव्ह करायचं होतं? बाबांच्या ट्रकला तू हात नाही लावू शकायचीस, म्हणून तू..."

"मग काय," मी म्हणाले.

जावई उठून बेसमेंटमध्ये गेले. खालून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. आवाज, आप्पा. पहिल्यांदाच.

आणि बघा ना, मी तिला थाप मारली असं मला त्या वेळी वाटलं. पण फोन ठेवल्यावर उरलेली कणीक मळताना वाटलं, थाप कुठली? तुम्ही हसला होतात त्या दिवशी मला खरंच चालवायची होती गाडी. बॉनेटवर बसून मी पाय आपटायची ते काही पोचायचं म्हणून नव्हे. मग लेक म्हणते तेच खरं झालं. तिने चुकीचा अर्थ घेतला आणि तो बरोबर निघाला. माझं मराठी माझ्यापेक्षा तिला जास्त कळलं म्हणायचं.

हायवेला वळणं नाहीत, डोळे मिटून पडले की तेवढं निभेल. आता एकच भांडण शिल्लक आहे. समुद्र सुरू कुठून होतो? मी विचारलं तर ती म्हणाली, तसं काही ठरलेलं नाही, तिकडचे लोक नदीलाच समुद्र म्हणतात. जावई म्हणाले, नकाशात बघू. मी म्हटलं, नकाशा नको. आपल्या खाडीला तरी कुठे रेघ मारली होती? काच खाली ठेवायची आणि खारा वास आला की गाडी बाजूला घ्यायची, मला द्यायची. वास मला कळेल. तेवढं तरी मला येतं. मग मी चालवीन, सावकाश. कुणी हात केला तर थांबेन. तिकडे कोण हात करणार म्हणा, आणि केला तरी तो फ्रेंच बोलणार. पण लेक आहे ना, ती विचारेल, कुठे जायचंय. दीपस्तंभ एक जास्त झाला तरी चालेल, पण हे तिला आत्ताच सांगणार नाही, डोक्यावर बसेल. पुढच्या सीटवर माझ्या शेजारी तिलाच बसवायचं ठरवलंय. एवढी मोठी काच, तिला रस्ता दिसेल.

डबेवाल्या मुलांना सांगून टाकलंय, दहा दिवस स्वतःचं स्वतः करा. त्यातला एक म्हणाला, "काकू, वेळेवर याल ना परत?" मी म्हटलं, "नाही सांगता येत. लेट होऊ शकते." आणि मलाच हसू आलं.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमचा पत्ता म्हणजे एक लाल गाडी होती, ती केव्हाच भंगारात गेली असेल. जावई म्हणतील, फेकू नको, ठेव. घडी करून पर्समध्ये ठेवते. तिथे एक लिंबूही आहे, आजच आणलेलं, पिवळंधमक. कुणाला दाखवलेलं नाही. लेकीने विचारलं तर सांगेन, सरबताला आणलंय. आता ते लागणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे आप्पा. तरी घेतलंय.